बारकोड नसलेला घरगुती माल ऑनलाइन बाजारपेठेवर कसा चढवावा?

सक्करदरा बचत गट:

नमस्कार. नागपूरच्या सक्करदरा भागात आमचा अकरा जणींचा बचत गट आहे. भिवापूरकडून आणलेल्या मिरचीचे तिखट, सावजी मसाला, मूगवड्या आणि सरगुंडे असे चार पदार्थ आम्ही करतो. आजवरची विक्री ओळखीपाळखीतून, प्रदर्शनांतून आणि महालातल्या दोन किराणा दुकानांतून होत आली आहे. नोकरीसाठी पुण्या-मुंबईला गेलेल्या इथल्या मुलामुलींकडून मागणी येऊ लागली, प्रत्येक वेळी कुरिअर करणे परवडेना, म्हणून हा माल एका ऑनलाइन बाजारपेठेवर चढवावा असे गटाच्या बैठकीत ठरले.

जीएसटी क्रमांक आहे, अन्नसुरक्षेचा १४ अंकी क्रमांक आहे, गटाच्या नावाने बँक खाते आहे. विक्रेता म्हणून नोंदणीही झाली. पण पहिलाच पदार्थ चढवताना ‘उत्पादन ओळख क्रमांक’ या रकान्यापाशी काम अडले. त्यात ईएएन, यूपीसी किंवा जीटीआयएन भरावा असे म्हटले आहे आणि तो रकाना रिकामा ठेवला की पुढचे पान उघडतच नाही. आमच्या पाकिटांवर बारकोड कधीच नव्हता.

गांधीबागेतल्या एका परिचिताने शंभर बारकोड एक हजार रुपयांत, तेही आजच्या आज, देण्याची तयारी दाखवली आहे. घ्यावेत का? बारकोड नसताना माल विकणे कायद्याच्या विरुद्ध आहे का, हेही कोणी जाणकाराने सांगावे, कारण गटातल्या दोघी-तिघींच्या मनात ती भीती बसली आहे.


हिशेबनीस:

ताई, परिचितांना तूर्तास थांबवून ठेवावे. त्याविषयी इथले दुसरे कोणी अनुभवाने सांगेल. मी आधी कायद्याची भीती दूर करतो.

बंद पाकिटावर काय छापले पाहिजे हे वैध मापन (आवेष्टित वस्तू) नियम, २०११ मध्ये सांगितले आहे. उत्पादकाचे किंवा पाकीटबंद करणाऱ्याचे नाव व पत्ता, वस्तूचे सर्वसामान्य नाव, निव्वळ वजन, उत्पादनाचा महिना व वर्ष, सर्व करांसह कमाल किरकोळ किंमत, एकक विक्री किंमत आणि तक्रारीसाठी संपर्क या गोष्टी त्यात येतात. खाद्यपदार्थ असल्याने अन्नसुरक्षेचा क्रमांक, घटकपदार्थ, शाकाहाराचे हिरवे चिन्ह, बॅच क्रमांक आणि वापराची मुदत यांची भर पडते. या यादीत बारकोड नाही. महालातल्या दुकानांत आपण इतकी वर्षे जो माल दिला, तो बारकोड नसल्यामुळे बेकायदा ठरत नाही.

मग बाजारपेठ तो का मागते? तिच्या दृष्टीने एका वस्तूचे एकच पान असावे लागते. एखाद्या प्रसिद्ध कंपनीचा साबण देशभरातले पाचशे विक्रेते विकत असतील, तर पाचशे पाने होऊ नयेत, सगळ्यांचा माल एकाच पानाखाली यावा, यासाठी त्या साबणावरचा जगभर एकच असणारा क्रमांक कामी येतो. या क्रमांकाला जीटीआयएन म्हणतात (ईएएन आणि यूपीसी हे त्याचेच प्रकार) आणि काळ्या रेघांचा बारकोड हे त्या क्रमांकाचे केवळ चित्र असते. लोक रेघांच्या मागे लागतात, प्रत्यक्षात महत्त्व क्रमांकाचे आहे. भारतात हे क्रमांक जीएस१ इंडिया ही संस्था देते. ती १९९६ साली स्थापन झाली आणि तिने दिलेल्या क्रमांकांची सुरुवात ८९० ने होते. ८९० म्हणजे ‘माल भारतात तयार झाला’ असा समज सर्वत्र आहे, तो चुकीचा आहे. क्रमांक जीएस१ इंडियाकडून घेतला गेला एवढेच त्यावरून कळते.

आपला सावजी मसाला मात्र आपण सोडून दुसरे कोणी विकतच नाही. पाचशे विक्रेत्यांना एका पानावर आणण्याचा प्रश्नच तिथे उद्भवत नसल्यामुळे मोठ्या बाजारपेठांनी अशा मालासाठी सूट ठेवलेली आहे. अ‍ॅमेझॉनवर तिला ‘जीटीआयएन एक्झेम्प्शन’ म्हणतात. क्रमांक विकत घेण्यापूर्वी या सुटीचा अर्ज करून पाहावा, असे माझे मत आहे. मीशोसारख्या ठिकाणी तर असा क्रमांक बंधनकारकच नसतो.

इथेच एक गोष्ट सांगून ठेवतो, कारण हा धागा जीएसटी क्रमांक नसलेल्या गटांनीही वाचावा. १ ऑक्टोबर २०२३ पासून, उलाढाल मर्यादेच्या आत असलेल्या विक्रेत्याला जीएसटी नोंदणी न करता, केवळ एनरोलमेंट क्रमांक घेऊन ऑनलाइन बाजारपेठेवरून माल विकता येतो. परंतु तो आपल्याच राज्यात. म्हणजे नागपूरहून पुण्याला पाठवता येईल, पण रायपूर किंवा हैदराबादला नाही. शिवाय ही सवलत प्रत्यक्ष देणे न देणे त्या त्या बाजारपेठेवर अवलंबून असते.


वर्धारोडकर:

एवढा खटाटोप कशासाठी? माझे जनरल स्टोअर आहे. सुट्या मालाच्या पाकिटांसाठी आमचे बिलिंगचे सॉफ्टवेअर स्वतःच बारकोड तयार करते, लेबलच्या यंत्रावर छापून निघतो आणि काउंटरवरचे स्कॅनर तो व्यवस्थित वाचते. ताईंनी असाच एक क्रमांक तयार करून त्या रकान्यात भरावा. फुकटात काम होईल.


इतवारी छपाई:

वर्धारोडकर भाऊ, क्षमा असावी, पण हा सल्ला कोणी अमलात आणू नये. माझा लेबल व पाकिटे छापण्याचा व्यवसाय आहे आणि या गैरसमजातून आलेले ग्राहक मी दर महिन्याला पाहतो.

आपल्या यंत्राने काढलेला १३ अंकी क्रमांक एकदा नीट पाहावा. बहुधा त्याची सुरुवात २ ने होत असेल. २० ते २९ ने सुरू होणारे क्रमांक दुकानाच्या चार भिंतींच्या आतील वापरासाठी जगभर राखून ठेवलेले आहेत. आपल्या दुकानात ज्या क्रमांकाने शेंगदाणे निघतात, त्याच क्रमांकाने सदरमधल्या दुकानात हळद निघू शकते आणि त्यात कोणाचीही चूक नसते. बाहेरच्या जगात तो क्रमांक कोणाचीच ओळख सांगत नाही, म्हणून बाजारपेठ तो स्वीकारत नाही.

‘मग ८९० लावून आम्हीच बारा आकडे बनवतो’, असेही काही जण म्हणतात. १३ अंकी क्रमांकातला शेवटचा आकडा हा आधीच्या बारांवरून हिशेबाने काढलेला पडताळा अंक असतो. डावीकडून पहिला, तिसरा, पाचवा असे विषम स्थानांवरचे आकडे जसेच्या तसे आणि सम स्थानांवरचे तिप्पट करून बेरीज घ्यायची. ती पुढच्या दहाच्या पटीत नेण्यासाठी जेवढे कमी पडतात तो पडताळा अंक. ८९०१२३४५६७८९ हे बारा आकडे घेतले, तर विषम स्थानांची बेरीज २८, सम स्थानांची ३४, तिची तिप्पट १०२, एकूण १३०. म्हणून शेवटचा आकडा शून्य. हा हिशेब कागदावर कोणालाही जमतो. पण हिशेब बरोबर जमला म्हणून क्रमांक आपल्या मालकीचा होत नाही. मोठ्या बाजारपेठा भरलेला क्रमांक जीएस१ च्या नोंदींशी ताडून पाहतात. तिथे तो दुसऱ्याच्या नावावर निघाला किंवा कोणाच्याच नावावर निघाला नाही, तर अर्ज तिथेच थांबतो.

छपाईबद्दलही बोलून टाकतो, कारण पुढेमागे बारकोड घेतलाच तर हे कामी येईल. मागे एका मिठाईवाल्यांना संत्रा बर्फीच्या डब्यावर सगळे काही नारिंगी हवे होते, अगदी बारकोडच्या रेघासुद्धा. डबा फार देखणा झाला आणि एकाही दुकानात स्कॅन झाला नाही. स्कॅनरचा प्रकाश तांबडा असतो. त्या प्रकाशात तांबड्या-नारिंगी रेघा पांढऱ्यासारख्याच दिसतात. पांढऱ्यावर काळा हे सर्वांत निर्धोक, नारिंगी जमिनीवर काळ्या रेघाही चालतात, पण पांढऱ्यावर नारिंगी कधीच चालत नाही. नागपूरकरांनी हे विशेष लक्षात ठेवावे, कारण आपल्याला नारिंगीचा मोह फार.


बांबूशिल्प:

ताईंनी विचारलेल्या ‘शंभर बारकोड एक हजारात’ या प्रश्नाचे उत्तर माझ्याकडे आहे आणि ते मला महागात पडले आहे.

आम्ही बांबूचे लामणदिवे, लॅम्पशेड आणि टोपल्या करतो. तीन वर्षांपूर्वी माझ्यासमोर हाच रकाना आला होता. इंटरनेटवर शोधून एका विक्रेत्याकडून पन्नास क्रमांक घेतले. पैसे भरल्यावर दहा मिनिटांत ई-मेलवर यादी आणि ‘मालकीचे प्रमाणपत्र’ असे शीर्षक असलेला एक कागद आला. क्रमांक १२ अंकी होते, म्हणजे यूपीसी. पहिल्याच प्रयत्नात रकान्याने क्रमांक स्वीकारला आणि माल चढला. जवळपास आठ महिने विक्री उत्तम चालली. दिवाळीला तर आकाशकंदील पुरवता पुरवता आमच्या कारागिरांचे हात दुखून आले.

त्यानंतर एका सकाळी सहा वस्तूंची पाने एकदम बंद झालेली दिसली. कारण असे कळवले होते की दिलेले क्रमांक नमूद केलेल्या ब्रँडशी जुळत नाहीत. जीएस१ च्या संकेतस्थळावर क्रमांक टाकून कोणालाही त्याचा मालक पाहता येतो. हे मी क्रमांक घेण्यापूर्वी करायला हवे होते, ते तेव्हा केले. माझ्या लामणदिव्याचा क्रमांक एका परदेशी कंपनीच्या नावावर होता. बंद झालेल्या पानांबरोबर ग्राहकांचे सगळे अभिप्रायही गेले. नवी पाने उघडावी लागली आणि पहिल्या अभिप्रायापासून पुन्हा सुरुवात झाली.

असे क्रमांक बाजारात येतात कुठून, याचा मी नंतर शोध घेतला. अमेरिकेत ऑगस्ट २००२ पूर्वी ज्या कंपन्यांनी क्रमांकांची नोंदणी केली होती, त्यांच्यावर दरवर्षीचे नूतनीकरण शुल्क पुढे लादता येणार नाही, अशी एका दाव्यातील तडजोड झाली. त्यांतल्या काही कंपन्या बंद पडल्या किंवा त्यांच्याजवळ क्रमांक शिल्लक राहिले, आणि तेच फुटकळीने विकण्याचा धंदा उभा राहिला. म्हणजे क्रमांक खोटा नसतो, तो दुसऱ्याचा असतो. सातबारा एकाच्या नावावर असताना दुसऱ्याच माणसाने स्टँपपेपरवर लिहून दिलेली जमीन घेण्यासारखा हा व्यवहार आहे. कोणी उतारा काढून पाहत नाही तोपर्यंत सुखाने नांदावे. पूर्वी बाजारपेठा उतारा पाहत नसत, आता पाहतात. ताई, त्या परिचितांकडे एक क्रमांक नमुना म्हणून मागा आणि तो जीएस१ च्या शोधपानावर टाकून पाहा. आपल्या गटाचे नाव तिथे दिसणे शक्यच नाही, आणि तेवढे उत्तर पुरेसे आहे.


सक्करदरा बचत गट:

सर्वांचे मनःपूर्वक आभार. परिचितांना नम्रपणे नकार कळवला आहे. आता सुटीच्या अर्जाकडे वळतो. त्यात ‘ब्रँडचे नाव’ विचारले आहे. आमच्या पाकिटावर गटाचे नाव आहे, पण ते ट्रेडमार्क म्हणून नोंदवलेले नाही. अशा वेळी गटाचे नाव भरायचे की ‘ब्रँड नाही’ असे सांगायचे? चार पदार्थांसाठी चार अर्ज करावे लागतील का? आणि छायाचित्रे नेमकी कशाची द्यायची?


हिशेबनीस:

अ‍ॅमेझॉनची पद्धत मला माहीत आहे, ती सांगतो. इतर ठिकाणी तपशील थोडे वेगळे असू शकतात.

सूट एकेका वस्तूला मिळत नाही. ती ब्रँड आणि वर्ग यांच्या जोडीला मिळते. आपले चारही पदार्थ एकाच ब्रँडचे आणि किराणा याच वर्गातले असल्यामुळे एकच अर्ज पुरेसा आहे. उद्या गटाने कापडी पिशव्या सुरू केल्या, तर वर्ग बदलेल आणि त्यासाठी वेगळा अर्ज लागेल. अर्जात आधी वर्ग निवडायचा, मग ब्रँडचे नाव भरून पात्रता तपासायची, आणि नंतर वस्तूची व पाकिटाची सर्व बाजूंनी घेतलेली छायाचित्रे जोडायची. उत्तर साधारणतः ४८ तासांत येते. ज्या नामांकित ब्रँडच्या मालावर बारकोड असतोच, त्यांच्यासाठी ही सूट मागून उपयोग होत नाही.

ब्रँड नसलेल्या मालासाठी त्या रकान्यात ‘जेनेरिक’ हा शब्द भरायचा असतो. हा मार्ग सोपा वाटतो, परंतु मी तो सुचवणार नाही. एकदा जेनेरिक म्हणून चढवलेल्या पानावर नंतर आपले नाव लावणे अतिशय कठीण जाते, आणि बिननावाच्या तिखटाच्या पानावर दुसऱ्या विक्रेत्याने आपले बिननावाचे तिखट जोडले, तर ‘हे आमचे नव्हे’ असे सिद्ध करायला आपल्याजवळ काही उरत नाही. गटाचे नाव पाकिटावर छापलेले आहे ना, मग तेच भरावे. सुटीसाठी ट्रेडमार्कची अट नाही. तो पुढे यथावकाश घ्यावा. व्यक्ती आणि लघुउद्योगांसाठी ऑनलाइन अर्जाचे शुल्क प्रत्येक वर्गामागे ४,५०० रुपये आहे आणि मसाले ३० व्या वर्गात येतात.

एक सावधगिरीची सूचना. ‘भिवापुरी’ हा शब्द ब्रँड म्हणून भरू नये. भिवापूरच्या मिरचीला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे, जसे ते नागपुरी संत्र्याला आहे. ते नाव त्या भागातल्या उत्पादकांचे सामाईक धन असून ते मालावर वापरण्यासाठी अधिकृत वापरकर्ता म्हणून चेन्नईच्या नोंदणी कार्यालयात नाव नोंदवावे लागते. ‘सावजी’ हाही एका स्वयंपाकपद्धतीचा सर्वपरिचित शब्द आहे. तो वस्तूच्या नावात येऊ द्यावा, ब्रँडच्या रकान्यात नाही.


बर्डीचा ग्रंथवाला:

धाग्याचा विषय खाद्यपदार्थांचा आहे, तरी पुस्तके काढणारे कोणी वाचत असतील तर त्यांच्यासाठी दोन वाक्ये. पुस्तकाला वेगळा बारकोड विकत घ्यावा लागत नाही, कारण १३ अंकी आयएसबीएन हाच त्याचा ओळख क्रमांक असतो आणि भारतात तो राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेकडून विनामूल्य मिळतो. कविता संग्रहासाठी दलालाला पैसे मोजलेले दोन कवी माझ्या दुकानात येऊन गेले, म्हणून लिहिले.


बांबूशिल्प:

छायाचित्रांबद्दल मी लिहितो, कारण अर्ज बहुतेक तिथेच फेटाळला जातो. माझा दोनदा फेटाळला गेला होता.

पहिल्या वेळी मी संगणकावर तयार केलेली सुबक चित्रे जोडली होती. ती चालत नाहीत. प्रत्यक्ष वस्तू हातात किंवा टेबलावर ठेवून साध्या मोबाइलवर काढलेली छायाचित्रे लागतात, कारण अशी वस्तू खरोखर अस्तित्वात आहे हे पाहणाऱ्याला पटायला हवे. दुसऱ्या वेळी टोपलीला दोऱ्याने बांधलेला पुठ्ठ्याचा टॅग दाखवला. नाव वस्तूवर किंवा वेष्टनावर कायमचे असले पाहिजे, सुटा टॅग कोणीही कुठल्याही टोपलीला बांधू शकतो, असा त्यावरचा आक्षेप होता आणि विचार केल्यावर तो मलाही पटला. शेवटी लोहाराकडून नावाचा लहान शिक्का करून घेतला आणि तो तापवून प्रत्येक टोपलीच्या बुडाला डाग द्यायला सुरुवात केली. तिसऱ्या वेळी सूट मिळाली. तो डाग ग्राहकांना इतका आवडतो की काही जण आता टोपली उलटी करून आधी तोच पाहतात.

ताई, आपल्या पाकिटावर नाव छापलेले आहे की चिकटवलेले, हे कृपया कळवावे. बारकोड नाही हे दिसण्यासाठी पाकिटाच्या मागच्या व खालच्या बाजूचेही छायाचित्र जोडावे.


सक्करदरा बचत गट:

बारा दिवसांनी लिहीत आहे, विलंबाबद्दल क्षमस्व.

पहिला अर्ज फेटाळला गेला. आमची पाकिटे साधी पारदर्शक होती आणि नावाचे लेबल त्यांवर चिकटवलेले होते. शिवाय लेबलवर नाव केवळ मराठीत, देवनागरीत होते आणि अर्जात आम्ही ते रोमन लिपीत भरले होते. तपासणाऱ्याला ही दोन्ही नावे एकच आहेत हे कळण्याचा काही मार्ग नव्हता. हे लक्षात आल्यावर सगळी कागदपत्रे पुढ्यात घेऊन बसलो, तेव्हा आणखी एक घोळ उघड झाला. गटाचे नाव बँकेच्या पासबुकावर रोमन लिपीत एका तऱ्हेने, अन्नसुरक्षेच्या प्रमाणपत्रावर दुसऱ्या तऱ्हेने आणि विक्रेता खात्यावर तिसऱ्याच तऱ्हेने लिहिलेले होते. कुठे एक ‘ए’, कुठे दोन, कुठे मध्ये जागा सोडलेली. बैठकीत अर्धा तास यावरच चर्चा झाली आणि अन्नसुरक्षेच्या प्रमाणपत्रावरचे नाव प्रमाण मानायचे ठरले.

इतवारी छपाई भाऊंकडून नवीन पाकिटे छापून घेतली. त्यांवर नाव दोन्ही लिप्यांत आहे. वैध मापनाच्या नियमांनुसार आवश्यक मजकूर इंग्रजीत किंवा देवनागरी हिंदीत असावा लागतो आणि मराठी त्याच्या जोडीला चालते, हे त्यांनीच निदर्शनास आणून दिले. आमचे जुने लेबल त्या दृष्टीनेही अपुरे होते, हे इतकी वर्षे कोणाच्या ध्यानात आले नव्हते. दुसरा अर्ज दोन दिवसांत मंजूर झाला.

तरीही तिखट चढवताना पुन्हा तोच रकाना पुढे आला आणि क्षणभर आम्ही हताश झालो. नंतर कळले की ब्रँडचे नाव भरताना पहिले अक्षर मोठे घ्यायचे राहिले होते. मंजुरीत जसे आहे तसेच, लहान-मोठ्या अक्षरांसकट भरल्यावर ‘उत्पादन ओळख क्रमांक नाही’ हा पर्याय चालला. तिखट आणि मसाला चढले आहेत. पहिली मागणी पुण्याच्या हडपसरहून आली आणि ती आमच्या ओळखीतली नाही, याचा सगळ्यांना विशेष आनंद झाला.

आता पुढचे तीन प्रश्न. दिवाळीसाठी चारही पदार्थ एका खोक्यात घालून द्यायचे आहेत, त्याचे काय करावे? माल बाजारपेठेच्याच गोदामात ठेवायचा झाला, तर बारकोड लागेल असे कोणी म्हणाले, ते खरे का? आणि धरमपेठेतल्या एका मोठ्या दुकानाने आमचा मसाला ठेवण्याची तयारी दाखवली आहे, पण त्यांना बारकोड हवाच आहे. तिथे सुटीचे पत्र दाखवता येईल का?


हिशेबनीस:

अभिनंदन. शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो. सूट ही त्या बाजारपेठेपुरतीच असते, तिचा धरमपेठेतल्या दुकानाशी काही संबंध नाही. त्यांच्या काउंटरवरच्या मुलाला वस्तू स्कॅन करायची असते आणि तिथे रेघाच लागतात. ते दुकान स्वतःचा अंतर्गत बारकोड चिकटवायला तयार असेल तर प्रश्न सुटतो. वर्धारोडकर भाऊंची पद्धत इथे अगदी योग्य ठरते. नसेल, तर जीएस१ इंडियाकडे नोंदणी करावी. तिथले शुल्क किती क्रमांक हवेत आणि उलाढाल किती आहे यांवर ठरते, आणि नूतनीकरणाचा खर्च पुढेही चालू राहतो, हे गृहीत धरूनच निर्णय घ्यावा. सूक्ष्म व लघुउद्योगांना बारकोडच्या शुल्काचा काही भाग परत देण्याची तरतूद केंद्र सरकारच्या योजनांत राहिलेली आहे. उद्यम नोंदणीचा कागद घेऊन सेमिनरी हिल्सवरच्या सीजीओ कॉम्प्लेक्समधील एमएसएमई कार्यालयात सध्याची स्थिती विचारून यावे.

किती क्रमांक लागतील हे मोजताना पदार्थ मोजू नयेत, पाकिटे मोजावीत. तिखटाचे १०० ग्रॅमचे, २५० ग्रॅमचे आणि अर्ध्या किलोचे पाकीट हे तीन क्रमांक होतात. उद्या २५० ऐवजी २०० ग्रॅम भरायला लागलात, तर तोही नवा क्रमांक. एखादा पदार्थ बंद केला म्हणून त्याचा क्रमांक दुसऱ्याला देता येत नाही. २०१९ पासून जीएस१ ने पुनर्वापर थांबवला आहे.

दिवाळीचा खोका ही स्वतंत्र वस्तू आहे. त्यातल्या चार पाकिटांपैकी कोणाचेही पान त्याला वापरता येणार नाही. त्याचे वेगळे पान उघडावे. ब्रँड तोच आणि वर्ग किराणाच राहिला, तर मिळालेल्या सुटीत ते बसेल. फक्त खोक्यावरही गटाचे नाव छापलेले असू द्यावे.

गोदामाबद्दल आपण ऐकले ते बरोबर आहे. सूट मिळाल्यामुळे पान उघडता येते, पण गोदामातल्या हजारो वस्तूंमध्ये आपले पाकीट यंत्राला ओळखू यायला हवेच. त्यासाठी अ‍ॅमेझॉन स्वतःचा एक क्रमांक देते, त्याला एफएनएसकेयू म्हणतात. त्याची लेबले विक्रेता पानावरून उतरवून, छापून प्रत्येक पाकिटावर चिकटवायची असतात. हा क्रमांक त्यांच्या गोदामाबाहेर निरुपयोगी असतो, म्हणून तो धरमपेठेच्या दुकानात चालेल अशी आशा ठेवू नये. माझ्या मते, रोज पाच-दहा मागण्या असेपर्यंत माल घरूनच पाठवावा. तिखटासारख्या मुदतीच्या मालाचा साठा दूरच्या गोदामात अडकून पडण्यात शहाणपण नाही.


वर्धारोडकर:

घरी जाऊन तपासले. माझ्या यंत्राचे सगळे क्रमांक २१ ने सुरू होतात. छपाई भाऊ, मान्य. ताई, धरमपेठेचे जमले नाही तर माझ्या दुकानात मसाला ठेवा. रेघा मी माझ्या लावीन.


इतवारी छपाई:

ताई, दिवाळीच्या खोक्याचा नमुना तयार आहे. जीएस१ चा निर्णय अजून झालेला नसल्यामुळे मागच्या बाजूला उजवीकडे खाली ३८ बाय २६ मिलिमीटर पांढरा चौकोन कोरा सोडला आहे. बारकोडचा मूळ आकार दोन्ही बाजूंच्या मोकळ्या जागेसकट एवढाच असतो, त्यामुळे क्रमांक नंतर घेतला तर तिथे चिकटवता येईल आणि खोका नव्याने छापावा लागणार नाही. पाकिटांसाठी तोच बारकोड ८० टक्क्यांपर्यंत लहान करता येतो, त्याहून कमी केलेला मात्र मी छापून देणार नाही. गटाचे नाव प्रमाणपत्रावर आहे त्याच अक्षरांत, दोन्ही लिप्यांत घेतले आहे. पार्श्वभूमी नारिंगी आहे, रेघांची जागा नाही. बैठकीत सर्वांना दाखवून शुक्रवारपर्यंत होकार कळवावा, म्हणजे कागद मागवता येईल.